प्रेसवरची लाल पाटी

आबा, आज ऑफिसात मी एका माणसाची कॉलर धरली. तिशीतला आहे, माझ्याच टीममधला, मराठवाड्याकडचा. त्याला आदळलं तेव्हा काचेचं पार्टिशन थरथरलं आणि त्याच्या कपातला चहा दोघांच्या अंगावर सांडला. रावेतला घरी आलो, देवापुढे दिवा लावला. मग लिहायला बसलो.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. संगणकात कर्नेल म्हणजे मुकादम. कुणी कशाला कधी हात लावायचा ते तो ठरवतो. एक प्रोग्रॅम फाईलमध्ये लिहीत असला की तिला कुलूप घालतो, दुसऱ्यानं थांबायचं. लिहिणारा मेला, तर त्याचं कुलूप मुकादम काढतो. पण आमच्याकडे एकच डिस्क अनेक मशीन वापरतात. पलीकडचं मशीन गप्प झालं, तर ते मेलंय की अजून आत हात घालून बसलंय, हे इथून कळत नाही. या गड्यानं लिहिलं होतं, तीस सेकंद उत्तर आलं नाही की कुलूप तोडा. चाचणीत ते गप्प मशीन जागं झालं, दोघांनी एकाच फाईलवर लिहिलं आणि तिच्या चिंध्या झाल्या. मी म्हणालो, "आधी त्या मशीनचा डिस्कशी संबंध तोडायचा, मग कुलूप." तो हसला. "काय हो सर, फाईल हाय, माणूस थोडाच हाय! रक्त तर नाही ना सांडलं?"

तेव्हा मी त्याला धरलं.

भोसरीच्या त्या शेडमध्ये मी वीस वर्षांचा, आयटीआय करून तुमच्याच, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर लागलेला. डाय, म्हणजे साचा, बसवणाऱ्यानं आत हात घालण्याआधी आपल्या नंबरची लाल पाटी स्विचवर अडकवायची, ही तिथली रीत. काम झाल्यावर ती काढायला सगळेच विसरायचे, म्हणून शिफ्ट बदलली की येणाऱ्यानं जुनी पाटी काढून खिळ्याला लावायची, हीही रीतच. त्या दुपारी मी आलो तेव्हा तुमची पाटी स्विचवर होती आणि तुमची शिफ्ट संपलेली होती. प्रेसच्या मागे वाकून बघायला दोन पावलं लागली असती. मी पाटी काढली, मोटर चालू केली, पायडल दाबलं.

आवाज लोखंडाचा येत नाही, ओला येतो. तुम्ही ओरडतही नाही. चार बोटं पत्र्यासारखी चपटी झालेली, अंगठा तेवढा उभा, आणि रक्त माझ्या बुटांपर्यंत. सुपरवायझर धावत येतो. "पाटी कुठाय? कुणी काढली पाटी?" तुम्ही माझ्याकडे बघत म्हणता, "लावलीच न्हवती साहेब. माझीच चूक हाय." पाटी माझ्या मुठीत असते, तिची कड तळव्यात रुतलेली.

दवाखान्यातून आल्यावर तुम्ही डाव्या हातानं मला अशी थोबाडीत दिलीत की ओठ फुटला. "परत प्रेसवर दिसलास तर तंगडं मोडीन. धा बी बोटं शाबूत ऱ्हातील असं काम बघ." तिथून मी संगणकाच्या डिप्लोमाला गेलो. पाटीचा विषय तुम्ही मरेपर्यंत काढला नाहीत. सकाळी देवापुढे हात जोडायचात, एक तळवा आणि एक अंगठा. मी डोळे घट्ट मिटून घ्यायचो. घरच्यांना ती भक्ती वाटायची.

हा कागद देवघराच्या खणात, त्या पाटीखाली जाईल. पण एक सांगायचं राहिलं. कॉलर सोडल्यावर मी त्या माणसाची माफी मागितली आणि त्याला सगळं सांगितलं: शेड, पाटी, बोटं. मग त्यानं स्वतःच तो तीस सेकंदांचा नियम मागे घेतला, आधी डिस्कचा संबंध तोडायचा असं लिहिलं, आणि चहाचे डाग पुसत विचारलं, "पाटी काढणारा कोण होता हो, सर?"

मी म्हणालो, "होता एक. नंतर काम सोडून गेला."