जाण्या-येण्याचं तिकीट

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद, त्यातले थोडे भावजींनाही दे. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला थांबला, मुलीची परीक्षा संपली, बाथरूमचा नळ मात्र अजून गळतोच आहे. फोनवर लिहिण्याइतकं बोलता येत नाही, कारण फोन वाजला की आई शेजारी येऊन बसतात. म्हणून हे पत्र.

आईंचं तिकीट काल काढलं. त्यावर परतीची तारीख बघून तू चमकशील. आई आता कायमच्या तुझ्याकडे राहणार, म्हणून तू एकेरी काढायला सांगितलं होतंस. मी जाण्या-येण्याचं काढलं. इतकी वर्षं ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांच्या काउंटरवर बसते आहे, तेवढा विश्वास ठेव.

गिऱ्हाइकाला वाटतं, एकेरी म्हणजे निम्मे पैसे. लांबच्या मोठ्या विमान कंपन्यांचं तसं नसतं. एकेरी जाणारा माणूस बहुधा अडलेला, नोकरीवर हजर व्हायचं असतं नाहीतर कुणी आजारी असतं. तो मागतील ते देतो. जाऊन परत येणारा हौसेचा, महाग वाटलं तर घरीच बसेल, म्हणून त्याला चुचकारतात. त्यामुळे कधीकधी जाण्या-येण्याचं तिकीट नुसत्या जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. आम्ही सरळ तेच काढून देतो आणि सांगतो, येण्याचं वापरू नका. मागे एका गृहस्थांनी उलटं डोकं चालवलं. जाताना मित्राच्या गाडीतून गेले आणि येण्याचं तिकीट घेऊन विमानतळावर उभे! पहिला प्रवास केला नाही की पुढचा आपोआप रद्द होतो. आमच्या दुकानात येऊन त्यांनी जो काही थयथयाट केला, मालक आतल्या खोलीतून बाहेरच येईनात.

तर असं आहे. तारीख सहा महिन्यांनंतरची टाकली आहे.

आईंची बॅग भरून झाली. तू पाठवलेला खोलीचा फोटो त्यांनी ह्यांच्याकडून मोठा करून घेतला. रोज कुणा ना कुणाला दाखवतात. "ही खिडकी, हे कपाट, आणि पडदे धाकटीने स्वतः शिवलेत हो!" आमच्याकडे त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, हे येणाऱ्याला दिसतंच. मी चहा ठेवायला आत जाते. पडद्यांचा रंग जरा भडक आहे, असं माझं मत. कुणी विचारलेलं नाही.

शेजारीण म्हणाली, "चला, सुटलात एकदाच्या!" हेही म्हणाले, "आता तुला निवांतपणा." सासू निघाली म्हणजे सून खूश, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मीही हसले आणि आत जाऊन आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बिनपगारी रजा घेतली होती. त्यांना धरून चालवत होते, औषधावरून त्यांच्याशी भांडत होते. भेटायला येणाऱ्यांना त्या काय सांगायच्या? "धाकटी रोज न चुकता फोन करते!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तुझ्याशी बोलताना त्या खळखळून हसतात. माझ्याशी बोलणं म्हणजे दूध तापलं का, गॅस बंद केलास का, आणि तू ही चादर पुन्हा उलटी घातलीस.

आणि तू "आई, आता कायमच्या इकडेच या" म्हणालीस, तेव्हा एका दमात "हो" म्हणाल्या. विचार करते, थोरलीला विचारते, एवढंही नाही. मी समोर भाजी निवडत होते.

जळते मी तुझ्यावर, धाकटे. तू चांगली आहेस म्हणून जास्तच जळते. तू खाष्ट असतीस तर माझं काम सोपं झालं असतं.

आता खरं सांगते. वर लिहिलं ते सगळं मोठ्या कंपन्यांचं. आईंचं विमान स्वस्तातल्या कंपनीचं आहे. तिथे जाणं वेगळं, येणं वेगळं, आणि दोन्हींची सरळ बेरीज. एकेरी काढलं असतं तर निम्म्यातच भागलं असतं. तू पाठवलेले पैसे जाण्यापुरते लागले. येण्याचे मी घातले, ह्यांना न सांगता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर "फक्त जाणे" असं दिसत होतं आणि माझं बोट काही केल्या त्याच्यावर जाईना.

काल संध्याकाळी आईंना तिकीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"हे येण्याचं कुणी सांगितलं?"

"जोडीने स्वस्त पडतं," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत मला त्यांच्याशी खोटं बोलणं कधी जमलेलं नाही.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "धाकट्याला नाही म्हणवेना गं. एवढी हौसेने खोली केलीय पोरांनी." चष्मा काढला, पुसला. आणि मग काय म्हणाल्या ठाऊक आहे? "धाकटीला मात्र हे बोलू नकोस. हिरमुसेल बिचारी."

म्हणजे परत माझ्याकडे यायचं, तेव्हाही काळजी तुझीच! मला रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्या "आता काय झालं?" म्हणून ओरडल्या.

मी तुला सांगू नये असं त्यांनी बजावलं आहे. तरी सांगते आहे. एवढी एक गोष्ट तरी तुझ्याआधी मला कळली, ते तुला सांगितल्यावाचून मला राहवेना.

त्यांना छान ठेव. खिडकीशी बसव, हवं तेवढं हसव. औषध रात्री जेवल्यावर, त्या "घेतलं" म्हणतील, पण गोळी मोजून बघ. आणि ठेवूनच घ्यावं असं वाटलं, तर ध्यानात असू दे: आमच्याकडच्या तिकिटाची तारीख आमच्याच काउंटरवरून बदलावी लागते.

तिथे मी बसते.

तुझी,
थोरली जाऊ