डावा दिवा वर येतोय

बाबू,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. जेवायच्या टेबलावर ग्रीसचे डाग पडलेत, ते मी आल्यावर काढीन. तू हात लावू नकोस. तू हात लावलास की काय होतं ते मी परवा पाहिलंय.

परवा त्या गिऱ्हाईकाला माझी गाडी दाखवताना एरवी बॉनेटमध्ये दडून बसणारा डावा दिवा वर येईना, तर तू बोटं घालून त्याचं झाकण ओढलंस. अरे, दिवा वर उचलणाऱ्या छोट्या मोटरच्या मागची मूठ फिरवायची असते, वीस वर्षं घसा कोरडा करून सांगतेय! आतल्या प्लॅस्टिकच्या चक्राचे दात तुटले. आणि वर मलाच म्हणालास, "आई, एका दिव्याची गाडी ह्या वयात कशाला? काढून टाक."

तर ऐक. सकाळी मी मोटर खोलली. ते चक्र कायम अर्धंच फिरतं, त्यामुळे एकाच बाजूचे दात गेलेत, दुसरी बाजू अगदी कोरी. ती पुढे आणून बसवली. दिव्याची नवीन मोटरच घ्या म्हणणाऱ्या तुझ्या मेकॅनिकलाही कळव.

पाचला गिऱ्हाईक येईल. त्याला चहा दे आणि सांग, गाडी आईच्या नावावर आहे आणि आई ती घेऊन गेलीय. कुठे, ते तुलाही सांगितलेलं नाही, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. मला समजवायला मावशीला मध्ये घालू नकोस.

अंधार पडला म्हणून फोन करत बसू नकोस. दोन्ही दिवे लागतात.

आई