आखूड बाजू पुढे

४ मार्च

चि. पकड हिस,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम आहे, आणि तेच दुखणं आहे. नवव्या मजल्यावर माणसाला काही होतच नाही. सकाळी दादा आणि सूनबाई कामावर जातात, बाहेरून कुलूप लागतं आणि मी संध्याकाळपर्यंत सोफा ते खिडकी, खिडकी ते सोफा अशा खेपा घालतो. खाली रस्ता दिसतो, पण गाड्यांची नुसती टपं. टपावरून दुखणं ओळखायला मी काही ज्योतिषी नाही.

कुलूप का, ते तुला ठाऊक आहे. कोपऱ्यावर एकाची व्हॅन बंद पडली होती म्हणून मी जरा खाली शिरलो आणि त्याचा जॅक सरकला. मला खरचटलंही नाही. पण दादा धावत आला तेव्हा माझे फक्त पाय बाहेर होते. तेव्हापासून किल्ली त्याच्या खिशात. त्याला तरी काय बोल लावू? बापाचे नुसते पाय पाहून कुणाच्याही काळजाचं पाणी होईल.

मोबाइल टॉवरवाल्यांचा डोंगरात जाणारा ट्रक आपल्या वर्कशॉपात कामाला घेतलास, हे वाचून बरं वाटलं. पुढचा हलका ॲक्सल काढून जड ट्रकचा बसवायचा, कमानीचे पाटेही त्याचेच. काम मोठं आहे, पण तुझ्या हातातलं आहे. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, तेव्हा पत्रानेच सांगत जाईन; पाकीट चिकटवून दिलं की सूनबाई टपालात टाकते. पहिली गोष्ट, जॅकवर विसंबू नकोस. चासीखाली दोन्हीकडे लोखंडी घोड्यांचा टेकू दे, मगच नट सोड. मी हे सांगतोय म्हणून हसू नकोस. पुढचं पुढच्या पत्रात.

लहानपणी एकदा धरलेलं सोडायची नाहीस म्हणून तुला पकड म्हणायला लागलो. मलाही तसंच धरून ठेव.

तुझा,
काका

१२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार, तोही उताणा, कारण सध्या माझा मुक्काम ट्रकखालीच आहे. जुना ॲक्सल निघाला. ट्रक घोड्यांवर चढून नेमका वर्कशॉपच्या दारात आडवा बसला आहे. तो उठेपर्यंत बाहेरची गाडी आत येत नाही आणि आतल्या दोन बाहेर जात नाहीत. त्यांचे मालक रोज येऊन तोंडं वाकडी करून जातात. म्हणजे कुलूप काही तुमच्याच घराला आहे असं नाही.

एक विचारू? पूर्वी तुम्ही एका दमात अख्खं इंजिन सांगायचात. आता पत्रागणिक एकच गोष्ट, डॉक्टरच्या गोळीसारखी. आपला वेल्डर म्हणतो की काकांना कळव, पोस्टमन आपल्या पगारावर नाही.

थोडे दिवस तुम्हाला इकडे पाठव म्हणून दादाला फोन केला होता. तो म्हणाला की त्यापेक्षा त्यांना विहिरीत ढकललेलं सोपं. मग मी काय बोलले ते लिहीत नाही, तुम्ही मोठे आहात.

आता पाट्यांचं. यांचा मधला बोल्ट मधोमध नाही, एक बाजू आखूड आहे आणि एक लांब. तुमचा धडा पाठ आहे, नाक आखूड आणि शेपूट लांब, म्हणजे आखूड बाजू पुढे. पण हे पाटे दुसऱ्याच ट्रकचे आहेत, म्हणून खात्री करून घेते. तुमचा शब्द येईपर्यंत थांबते.

गुडघ्याला तेल लावत जा आणि माझ्यावर असाच जीव असू द्या.

तुमची,
पकड

१५ मार्च

चि. पकड हिस,
अ. आ.

फोनवर बोललो की आपलं वाजतं, म्हणून लिहितोय.

मी तुला तुरुंगाचा जेलर वाटतो. वाटू दे. पण बाबांजवळ राहतो मी. डॉक्टरांनी त्यांना आज वार कोणता विचारलं, तर म्हणाले की या घरात सगळे वार सारखेच, तुम्हाला आवडेल तो लिहा. डॉक्टरांनी चूक म्हणून लिहिलं. परवा संध्याकाळी आलो तर गॅसची शेगडी सुटी करून वर्तमानपत्रावर मांडलेली. साफ करतोय म्हणाले. पुन्हा जोडताना एक नळी ढिली राहिली होती. हे विस्मरण आहे की वेळ जात नाही म्हणून केलेला उद्योग, मला खरंच कळत नाही, आणि ऑफिसात बसून दिवसभर तोच विचार येतो.

तुला ते कामाचं लिहितात आणि त्यांचं काम तू ओळखतेस. त्यांच्या सांगण्यात चूक दिसली तर मला खरं कळव. डोकं शाबूत असेल तर मी स्वतः त्यांना तुझ्याकडे आणून सोडतो, हा शब्द. नसेल तर दिवसभर त्यांच्यासोबत माणूस ठेवणार, आणि मग वर्कशॉप विसरायचं.

हे त्यांना कळू देऊ नकोस. भांडत राहा, पण परकं करू नकोस.

तुझा,
दादा

१८ मार्च

चि. पकड हिस,
अ. उ. आ.

तुझा उताणा नमस्कार पोचला. एका पत्रात एकच गोष्ट का, विचारतेस. लिहून हात दुखतो, एवढंच समज.

पाट्यांपाशी थांबलीस ते बरं केलंस. हे पाटे निराळे आहेत. या वेळी उलट करायचं. लांब बाजू पुढे, आखूड मागे. वेल्डर नाक मुरडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. तो माझ्यापुढे पाना धरायला शिकला. तसंच बसव, चाकं चढव आणि आवारात फिरवून बघ. आवारातच, फाटकाबाहेर न्यायचा नाही, हे दोनदा वाच.

आणि काही अडलंच तर आधी दादाला कळव, की काकांशिवाय हे सुटणार नाही. मला मागाहून कळवलंस तरी चालेल.

आज समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पंखा दुरुस्त करत होता. दुपारभर त्याच्याकडे बघत उभा होतो. त्याला तो जमला नाही. काचेतून ओरडून काही उपयोग नव्हता.

वाट बघणारा,
काका

२७ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

या वेळी नमस्कार उभ्याने, कारण वाकायला पाठ तयार नाही.

तुम्ही सांगितलंत तसंच बसवलं. वेल्डरने कपाळाला हात लावला. काकांचा शब्द आहे म्हणून मी त्याला गप्प बसवलं. आवारात पहिलंच वळण घेतलं आणि चाक केबिनच्या पायरीला घासून अडकलं. ॲक्सल चार बोटं मागे सरकून बसला आहे. टॉवरवाले नेमके बघायला आले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं की हे काम तुम्ही पहिल्यांदाच करताय का. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी ट्रक दुसरीकडे न्यायची भाषाही केली, पण न्यायला तो वळायला तर हवा, म्हणून राहिला.

काका, मी कारण न विचारता केलं. तुम्ही सांगितलंत, एवढं मला पुरलं. आता दोनच गोष्टी असू शकतात. तुम्ही विसरलात, किंवा विसरला नाहीत. पहिली खरी असेल तर मला रडू येतं, दुसरी खरी असेल तर संताप.

आणखी एक. दादाने मला तुमच्या पत्रांत चुका शोधायला सांगितलं आहे. चूक निघाली तर तुमच्यासोबत दिवसभर माणूस बसणार, नाही तर तो तुम्हाला इकडे सोडणार. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगितलं. खरं काय ते लिहा.

रागावलेली, तरी तुमचीच,
पकड

२ एप्रिल

चि. पकड हिस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी अ. उ. आ.

विसरलो नाही. मुद्दाम लिहिलं.

तू अडशील, दादाला कळवशील आणि तो मला नाइलाजाने पाठवेल, असा माझा बेत होता. पहिल्याच वळणाला चाक पायरीला लागणार हे मला इथे बसून दिसत होतं, म्हणून फाटकाबाहेर नेऊ नकोस असं लिहिलं. माझं पत्र काढून बघ. तुझ्या जिवाला धक्का लागू दिला नसता. तुझ्या नावाला लागेल, हे मात्र मनातच आलं नाही. तिथे चार लोकांसमोर तू उभी असशील हे मला सुचायला हवं होतं. दिवसभर कुलपात बसून माणूस स्वतःपुरतंच बघायला लागतो. मला स्वतःची लाज वाटते.

आखूड बाजू पुढे. या पाट्यांनाही तेच.

दादाला काय सांगायचं ते सांग. लबाड म्हण, पण भ्रमिष्ट म्हणू नकोस. लबाडाला निदान घराबाहेर सोडतात.

तुझा अपराधी,
काका

८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगते. काकांनी मला चुकीचं सांगितलं, आणि ते मुद्दाम. त्यांची दोन्ही पत्रं सोबत पाठवते. चाक कुठे अडेल इथपर्यंत त्यांनी आधी ठरवलं होतं. विसरणाऱ्या माणसाला हे जमत नाही. त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतं, फक्त त्याला तिथे काम नाही, म्हणून ते नको तिकडे चाललं.

मी त्यांच्यावर चिडले आहे. पाटे काढून पुन्हा उलटे करताना जे बोलले ते वेल्डरला विचार. तरीही त्यांना पाठव असंच म्हणते. त्यांना इथे स्टुलावर बसवेन, गाडीखाली जाऊ देणार नाही. तू शब्द दिला होतास.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर विश्वास असू दे.

तुझी,
पकड

१२ एप्रिल

चि. पकड हिस,
अ. आ.

तुझं पत्र आणि बाबांची पत्रं पुन्हा पुन्हा वाचली.

त्यांच्या पत्रावरून दिसतं, माझी अट तू त्यांना आधीच सांगून टाकलीस. मग ते दुसरं काय लिहिणार? विसरलो म्हणण्यापेक्षा मुद्दाम केलं म्हणणं त्यांच्या स्वभावात बसतं. फाटकाबाहेर नेऊ नकोस हे तर ते प्रत्येक गाडीबद्दल सांगायचे, आपण लहान होतो तेव्हापासून. आणि मुद्दाम केलं हे खरं धरलं, तर शुद्धीवरचा माणूस तुझ्याशी असं वागेल का? बाबांचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, हे मी कधी बोललो नाही, पण मला माहीत आहे. तुला खड्ड्यात ढकलणारे ते माझे बाबा नव्हेत, ते त्यांचं दुखणं आहे.

सोमवारपासून माणूस येतो आहे. तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मला वाईट ठरवून मोकळी होऊ नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
दादा

२० एप्रिल

चि. पकड हिस,
अ. उ. आ.

माणूस आला आहे. भला आहे. मी उठलो की उठतो, बसलो की बसतो. काल मी त्याला मुद्दाम उठबस करायला लावली, मग माझेच गुडघे दुखले.

तू दादाला खरं सांगितलंस. त्याला ते पटलं नाही, यात तुझी चूक नाही आणि त्याचीही फार नाही. मी इतकी वर्षं कधी खोटं बोललो नाही, त्याचं हे फळ. आता मी काहीही शहाणपणाचं बोललो तरी घरात एकमेकांकडे बघतात, आणि गप्प बसलो तरी बघतात.

आता ट्रकचं. उरलेलं सगळं या एका पत्रात लिहितो, आणि प्रत्येकाचं कारणही लिहितो. म्हणजे तुला माझ्यावर विश्वास ठेवायला नको, तू ताडून बघू शकशील.

पाट्यांच्या टोकांचे बोल्ट ट्रक घोड्यांवर असताना पक्के आवळू नकोस. हवेत लटकलेला पाटा मोकळ्या आकारात असतो. तसाच आवळलास तर वजन आल्यावर टोकाचं रबर पिळून फाटेल. चाकं जमिनीला टेकू दे, मग आवळ. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घाल, जाड बाजू मागे, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती उभी खीळ किंचित मागे कलते आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होतं. पाचर नसेल तर उतारावर ट्रक झुलत राहील. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्हीकडे दोरी धर. अंतर सारखं नसेल तर ॲक्सल तिरका आहे. ब्रेकची नळी लांब घे, कारण खडकावर चाक खाली लोंबतं तेव्हा ती ताणून तुटते, आणि ते नेमकं उतारावर कळतं. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळ. पाटे एकमेकांत बसले की ते ढिले होतातच, त्यात तुझ्या कामाची खोट नसते.

मागे तू विचारलं होतंस की एका पत्रात एकच गोष्ट का. हात दुखत नव्हता. सगळं एकदम सांगून टाकलं असतं तर पुढचं पत्र कशाला आलं असतं?

आता सांगून झालं. या ट्रकसाठी तुला मला काही विचारावं लागणार नाही. कामाशिवाय लिहावंसं वाटलं तर लिही.

तुझा,
काका