टोपण धाकटीकडे आहे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, नगररचना कार्यालयातली निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. घाई मात्र आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, आणि फाउंटन पेन संग्राहकांचं हे प्रदर्शन थोड्याच वेळात आटोपेल. माझा पाय टेबलाखाली सारखा हलतोय. अक्षर वाकडं आलं तर ते बुद्धी फिरल्याचं लक्षण समजू नये.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलीला. जावयाने घरात खुशाल राहावं, पण माझ्या पेनांना हात लावू नये. त्याने एकदा सोन्याच्या निबेने पार्सलची चिकटपट्टी फाडली होती. वर म्हणतो, "आई, टोकच तर आहे!" जावई म्हणून तेव्हा गिळून घेतलं, आता लिहून ठेवते.

कलम २. पट्ट्या, कंपास आणि उतरतं टेबल जुन्या कार्यालयाला. साहेबांना नव्हे, कार्यालयाला.

कलम ३. पेनांचा संग्रह मुलीला. त्यातली दोन इथल्या शेजारच्या टेबलावरच्या शाईवाल्याला लिहिणार होते, पण तो म्हणाला, "ताई, नको. मी साक्षीदार. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नसतं." म्हणून खोडलं.

कलम ४. वडिलांचं काळं पेन. ते गेले त्याच आठवड्यात यावरून आम्हा बहिणींची ओढाताण झाली. पेन माझ्या हातात राहिलं, टोपण धाकटीच्या. तेव्हापासून बोलणं बंद. दर वर्षी इथे ती समोरच्या रांगेत बसते. तिच्यापुढे नुसतं टोपण, माझ्यापुढे बिनटोपणाचं पेन, आणि दोन्हींवर पाटी, 'विक्रीसाठी नाही'. लोक हसतात. हसोत बापडे. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, अशाच आहोत आम्ही. टोपणाशिवाय निब सुकते, म्हणून मी ती रोज ओल्या फडक्यात गुंडाळते. माझं काही बरंवाईट झालं तर कोण गुंडाळणार? माझ्या पश्चात हे पेन धाकटीला द्यावं. मला तिची फार आठवण येते. समोर बसलेली असते, तरी येते.

दुसरा साक्षीदार मिळेना. जो तो आवराआवरीत. शाईवाला उठला आणि मी नको नको म्हणत असताना थेट धाकटीलाच घेऊन आला.

"आण इकडे," ती म्हणाली. "वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही."

चष्मा लावून तिने पहिल्यापासून वाचलं. माझा पाय काही थांबेना.

"उद्या ऑपरेशन, आणि मला कळवलंही नाहीस?"

"बोलणं बंद होतं ना."

"अगं बाई! आणि आता पेनासाठी तुझ्या मरणाची वाट बघत बसू होय?" असं म्हणून तिने हात पुढे केला.

कलम ४ रद्द. धाकटी साक्षीदार झाल्यामुळे तिला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, सबब पेन आजच तिच्या हाती दिलं आहे. टोपण बसलं. जरा दाबावं लागलं.

सही: थोरली (त्याच पेनाने, सहीपुरतं मागून घेऊन)
स्थळ: प्रदर्शनाचं सभागृह
दिनांक: प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, रविवार

साक्षीदार पहिला: शाईवाला

साक्षीदार दुसरी: धाकटी. सगळं वाचलं. उद्या दवाखान्यात मीही जाणार आहे. पेन माझ्या पर्समध्ये आहे. हवं असेल तर हिने घरी परत येऊन मागावं.