दीडशे वर्षांपूर्वीचा घड्याळजी

३ मार्च
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. कारण द्यायची गरज नाही. तरी नोंद म्हणून: बायको सध्या दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा घड्याळजीची रोजनिशी वाचते आहे. वाचताना हसते. माझे चष्म्याचे दुकान. तिचा वाचायचा चष्मा मीच करून दिला. त्यातूनच ती त्याला बघते.

४ मार्च
मत्सर नाही. फक्त चौकशी केली. दिसायला कसा होता? बायको म्हणाली, फोटो नाही, पण दाढी असावी. आवाजात कौतुक होते. लेक म्हणाली, बाबा, तो मेलाय हो. म्हटले, तोच तर त्याचा फायदा. घोरत नाही.

५ मार्च, सकाळी
दाढी वाढवायची.

८ मार्च
काढली. गिऱ्हाइके विचारू लागली, घरी सगळे ठीक ना?

९ मार्च
शत्रूचा काळ अभ्यासला पाहिजे. बायकोच्या पुस्तकांच्या चळतीतून तेव्हाचे एक गृहव्यवस्थेचे पुस्तक घेतले. भिंतीवरचे डाग शिळ्या पावाने घासावेत, म्हणे. उद्या ती बाहेर गेली की हॉल चकाचक. घड्याळजीने जन्मात भिंत पुसली नसेल.

१० मार्च
मुंग्या आधीपासूनच असणार. आज फक्त दिसल्या. बायको म्हणाली, अहो, एवढा उत्साह होता तर पंखे पुसायचे. झाडू माझ्या हातात दिला आणि वाचायला बसली.

१३ मार्च, संध्याकाळी
आज तीन तऱ्हांनी खोकलो. तिने पुस्तकातून वर पाहिले नाही. चौथी तऱ्हा उद्यासाठी राखून ठेवली आहे.

१५ मार्च
निर्णय. माझी एखादी नोंद तिला वाचून दाखवायची. प्रस्तावना नको. लेखन स्वतःच बोलेल.

१६ मार्च
प्रचंड यश! ती भांडी आवरत होती. खोकल्याची नोंद वाचली. ओट्याला टेकून हसली. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचली. चौथ्या तऱ्हेला चष्मा काढून डोळे पुसले. लग्नानंतर इतकी हसलेली आठवत नाही.
मग म्हणाली, कसला माणूस हो! त्याच्या बायकोनं बिचारीनं कसे दिवस काढले असतील? कुठल्या पानावर आहे हे? मी अजून तिथवर पोचले नाही.
वही पाठीमागे धरली. म्हटले, पुढे आहे. शेवटाकडे.

२० मार्च
पुस्तक संपले. खोकला सापडला नाही, म्हणाली. सगळ्यात छान तेच होते. म्हटले, दुसऱ्या भागात असेल. दुसरा भाग असणे शक्यच नाही. एका घड्याळजीला सांगायला असते किती? विषय मिटला.

२१ मार्च
ग्रंथालयात जाऊन आली. एकूण भाग सहा. उरलेले पाचही मिळाले. पिशवी जड म्हणून मला खाली बोलावले. ती पुढे, मी पिशवी घेऊन मागे. जिन्यात माझा पाय घसरला. बायको वरून ओरडली, अहो, आधी त्या घड्याळजीला धरा!
धरला.