पांढऱ्या शर्टाचे बारा चौकोन

अहो,

मी सात रस्त्याला वाकळीच्या क्लासला चालले. कपाट उघडून आरडाओरडा करू नका, पिंकीचा अभ्यास चाललाय. भाकरी झाकून ठेवलीय.

शमशादआपांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाकळीला दुकानातलं नवं कापड आणू नका, घरच्या माणसाच्या अंगावर झिजून मऊ झालेलं आणा. म्हणून आईचं लुगडं धुऊन, घडी घालून खुर्चीवर ठेवलं होतं. आई गेल्यापासून तेवढंच माझ्याकडं होतं. तुम्हाला ते माहीत होतं. तरी काल ते फाडून गाडी पुसलीत, आणि वर म्हणालात, "चिंधीच होती की."

आज क्लासला रिकाम्या हातानं कशी जाऊ? तुमचा पांढरा शर्ट घेतलाय. दर सत्काराला तोच घालता, त्यामुळं लई मऊ झालाय. सकाळीच कापला, चांगले बारा चौकोन निघाले. खिशाचा मधोमध लावणार आहे.

संध्याकाळी सत्काराला काय घालू, हे विचारायला फोन करू नका. आईचं उरलेलं लुगडं, तुम्ही ऑईलनं माखवलेलं, गाडीच्या डिकीत आहे. ते गुंडाळून जा.

वैजयंती