शेवटचा पत्ता आत की बाहेर

३ जून
बांडुंगमधली नवी नोकरी आवडली! कचेरी म्हणजे उयूनदादांच्या घराचा माडीवरचा दिवाणखाना. दादा, एंतिनताई आणि आता मी. ताईंनी माझ्या बातागोरवर, म्हणजे तळलेल्या मासळीच्या वड्यांवर, शेंगदाण्याची चटणी इतकी ओतली, की दादा म्हणाले, "अगं, पोरीला खायला घालतेस की बुडवतेस?"

काम इम्युलेटरचं. जुनं खेळयंत्र आजच्या संगणकात हुबेहूब वठवायचं. त्याच्या मेमरीतल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो. शेवटच्या पत्त्यापलीकडचं खेळाने काही मागितलं, तर शून्य द्यायचं. ही हद्द माझ्याकडे सोपवलीय.

५ जून
खेळातला शिपाई मेमरीच्या टोकापर्यंत चालवला. तिथे आमचीच कचेरी दिसली. ओळीने तीन टेबलं, शेवटच्या पत्त्यावर ताईंचं. त्यापलीकडे दार, आणि दारात कुणीतरी उभं.

दादांचीच थट्टा असणार. पण सांगितल्यावर ते हसले नाहीत. हद्द लगेच बंद कर म्हणाले. ताईंकडे बघणं मात्र टाळलं.

६ जून
आज पडद्यावर दारातलं ते ताईंच्या खुर्चीला टेकलेलं. हद्द घालताना दादांना विचारलं, शेवटचा पत्ता आत धरू की बाहेर? बाहेर, म्हणाले. जरा जास्तच पटकन.

ते दिसेनासं झालं. ताईंचं टेबलही.

७ जून
ताई आल्या नाहीत. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये नाही. काल होता.

दादा म्हणाले, "कोण एंतिन?" खोलीत दोनच टेबलं. खोटं बोलतात दादा. ताईंचं टेबल होतं, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेले.

८ जून
दुपारी दादांनी कबूल केलं. हद्द उघडी राहिली असती, तर ते आपल्या सगळ्यांपर्यंत आलं असतं. ताईंना त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवलं.

आणि आता माझ्या पाठीमागे सारखे का उभे राहतात? ताईंनंतर शेवटचा पत्ता माझाच.

९ जून
दादा खाली गेले तेवढ्यात ताईंचा पत्ता परत आत घेतला. कोडमधल्या एका खुणेचा तर फरक.

खोलीत टेबल आलं. खुर्ची रिकामी.

दादा धावत वर आले— काय केलंस, काय केलंस— ती नाही येणार, तिच्या जागेवरचं येईल, म्हणतात— दाराला पाठ लावून उभे—

जिन्यावर पावलं. ताईंचाच आवाज, माझं नाव घेतोय. दादा रडतायत, उघडू नकोस—

पण आवाज दाराबाहेरून नाही. खुर्चीतू